पान सोळा, पान एक

पहाटे ४:४५

जानेवारीची थंडी आहे. अंजनगाव सुर्जीच्या बसस्टँडसमोर गाडी थांबते आणि पेपरचे गठ्ठे धपाधप खाली पडतात. सव्वीस वर्षांचा एक पोरगा उकिडवा बसून सुतळी सोडतो. ब्लेडनं कापत नाही, गाठ सोडतो. सुतळी गुंडाळून खिशात टाकतो. गठ्ठ्यावरचा खरबरीत कोरा कागद हातानं सरळ करतो आणि सायकलच्या कॅरिअरला लावतो. हा कागद फुकटचा. त्याच्या चित्रांचा कच्चा आराखडा याच कागदावर होतो.

त्याच्या लाइनीत एकशे चाळीस घरं आहेत. महिन्याचे अडीच हजार. आज प्रत्येक पेपरात क्लासचं एक पत्रक घालायचं आहे. त्याचे शेकड्याला दहा रुपये वेगळे. पेपर उघड, पत्रक सार, बंद कर. बोटं थंडीनं आखडलेली, तरी एकाही पेपराची घडी मोडत नाही.

"काका, तुमी खरंच आले! इतक्या थंडीत काऊन निंघाले?"

मी त्याला शब्द दिला होता. अंक छापायच्या दिवशी पहाटेपासून तुझ्यासोबत राहीन म्हणालो होतो. हा पोरगा कॉमिक काढतो. गोष्ट व्हिडिओ गेमसारखी चालते: लेव्हल, जीव, बॉस. तीन अंक झालेत. आज चौथा.

सकाळी ६:५०

सुर्जीत त्याचं घर. दोन खोल्या, पुढं पत्र्याचं छप्पर. माय डबा बांधून निघाली आहे. पिंपरीच्या मळ्यात तोडणी चालू आहे, बाईचा रोज अडीचशे. अंजनगावचे पानमळे जुने, त्यातलीच ही पानपिंपरी. वेल सावलीत वाढतो. हिरवी बोंडं हातानं तोडायची, उन्हात वाळवायची, काळी पडली की व्यापारी नेतो. औषधात जाते. जिभेवर ठेवली तर आधी काही वाटत नाही, मग आग होते.

त्याच्या कॉमिकातली पोरगी हीच पिंपरी खाते. मारिओला फूल मिळालं की तो आगीचे गोळे फेकतो. हिनं वाळलेली पिंपरी चावली की तोंडातून जाळ. पाठीला टोपली, कमरेला ओढणी खोचलेली, पायांत काही नाही. गावातली पोरं तिला पिंपरीवाली म्हणतात.

"मारिओ काढला असता तं सोपं होतं," तो म्हणतो. "पण तो कंपनीचा. पिंपरीवाली माही हाये."

सकाळी ७:१५

दोन तास चांगला उजेड मिळतो. खिडकीखाली पाट, पाटावर जाड कार्डशीट. पेन्सिल, खोडरबर, स्टीलची पट्टी, काळ्या शाईची बाटली, दोन नंबरचा ब्रश आणि एक बारीक ब्रश. बारीक ब्रशाचे केस झडलेत. नवा घ्यायचा तर एका दिवसाच्या पेपरांची कमाई जाते. म्हणून तो ब्रश फक्त डोळ्यांसाठी ठेवलाय.

आज तेरावं पान राहिलंय. गाविलगडाचा बॉस. मेळघाटातल्या या किल्ल्याच्या दरवाज्यावर गंडभेरुंड कोरलेला आहे. दोन तोंडांचा पक्षी, पकडीत हत्ती. मागच्या पावसाळ्यात तो मित्राच्या गाडीवर चिखलदऱ्याला गेला होता. मित्र धबधबा पाहायला गेला. हा दरवाज्यासमोर बसून राहिला.

"दोन तोंडं म्हंजे दोन लाइफबार," तो म्हणतो. "एक तोंड पाडलं तरी दुसरं जित्तं. असा बॉस आयता दगडावर हाये. लोकं पाह्यतच नाई."

शाळेच्या पुस्तकात हा किल्ला आणि हे गाव शेजारशेजारच्या ओळींत येतात. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांच्या वेलस्लीच्या फौजेपुढं गाविलगड पडला आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांच्या वतीनं याच अंजनगावी तहावर सही झाली. त्यानं दुसऱ्या अंकाच्या आतल्या पानावर नकाशा काढला होता, त्यात ही दोन्ही ठिकाणं आहेत. बाकी इतिहास त्यानं गोष्टीत आणलेला नाही. पण पिंपरीवाली गडावर जाते ती कशासाठी, हे त्या नकाशावरून कळतं. गडावर काहीतरी आपलं राहिलंय, ते आणायला.

ब्रश शाईत बुडतो. पक्ष्याचा पंख. आधी बाहेरची रेघ, मग आत तिरप्या रेघा. सपाट काळा भरत नाही. झेरॉक्समध्ये सपाट काळा रंग डागाळतो, मधे पांढरे चट्टे उठतात. करड्या छटेचा तर चिखल होतो. म्हणून सावली रेघांनीच करायची. जवळ जवळ रेघा काढल्या की अंधार, लांब लांब काढल्या की संध्याकाळ. हे त्याला कुणी शिकवलं नाही. पहिल्या अंकाच्या पन्नास प्रती काळ्या-पांढऱ्या गोधडीसारख्या निघाल्या, तेव्हा कळलं.

मी त्याला मारिओच्या टोपीची गोष्ट सांगतो. १९८१ च्या 'डॉन्की काँग'मध्ये मारिओ पहिल्यांदा आला. पडद्यावर त्याच्या वाट्याला मोजके ठिपके होते. तेवढ्यात केस नीट दिसेनात, म्हणून तो खेळ करणाऱ्या मियामोतोनं टोपी घातली. तोंड दाखवायला जागा नव्हती, म्हणून नाकाखाली मिशी.

तो ब्रश धरूनच ऐकतो. मग पिंपरीवालीकडं बोट करतो. तिच्या ओढणीला मोठाले ठिपके आहेत.

"नुसती ओढणी झेरॉक्समदी गायब होते. ठिपके टाकले तं दिसते."

सकाळी १०:००

झेरॉक्सच्या दुकानाचं शटर वर जातं. इथं त्याचा रोज तीनशे, संध्याकाळी आठपर्यंत. मशीन गरम व्हायला वेळ लागतो, तोवर तो काच पुसतो. काचेवरचा एक केस शंभर कागदांवर उमटतो.

आधार कार्ड, दोन्ही बाजू एका कागदावर. सातबारा. बँकेचं पासबुक. कॉलेजच्या पोरींच्या नोट्स, एकशे दहा पानं. एक म्हातारे शेतकरी कापूस विकल्याच्या पट्टीची झेरॉक्स मागतात. पट्टीवरची शाई फिकी आहे. तो काळेपणा दोन घरं वाढवतो, पुन्हा काढतो, पहिली प्रत फाडून टाकतो. पैसे एकाचेच घेतो. बाजूला दोन रुपये, असा दर काचेवर चिकटवलेला आहे.

दुपारपर्यंत तो खुर्चीवर बसलेला मी पाहिला नाही.

दुपारी १:४०

बहीण डबा घेऊन येते. ज्वारीची भाकर, ठेचा, वांग्याची भाजी. डब्यासोबत एक वही. ती घरी ब्लाउज शिवते आणि कॉमिकमधली अक्षरं लिहिते. अंकामागं शंभर रुपये तो तिला देतो, रोख, छापायच्या दिवशीच. भावाचं अक्षर वाईट नाही, पण घाईचं. हिचं अक्षर शिलाईसारखं, एका मापाचं.

फुगे वेगळ्या कागदावर लिहून, कापून, चित्रावर चिकटवायचे. चुकलं तर फक्त फुगा बदलतो, चित्र वाचतं. वहीच्या पानात सत्तेचाळीस फुगे ठेवलेत. दुकानाच्या मागच्या बाजूला बसून दोघं चिकटवत जातात. गोंद कमी लावायचा. जास्त झाला की कागद सुरकुततो आणि त्या सुरकुतीची सावली छापून येते.

सगळं संभाषण वऱ्हाडीत. पहिला अंक पुस्तकी मराठीत होता. मायनं वाचायला घेतला आणि विचारलं, ही पोरगी पुण्याची हाय का? दुसऱ्या अंकापासून बहिणीनं भाषा हातात घेतली. आता गंडभेरुंडाची दोन तोंडंही आपसात वऱ्हाडीत भांडतात.

फुगे चिकटवून झाले की पानं लहान करायची. चित्र मोठ्या कागदावर काढलेलं, ते एकाहत्तर टक्क्यांवर आणलं की बरोबर अर्ध्या कागदात बसतं. मग अशी दोन पानं शेजारी चिकटवायची. पण कुठली दोन? पान एकच्या शेजारी पान दोन नाही. पान एकच्या शेजारी सोळा. पाठीमागं दोन आणि पंधरा. मग चौदा आणि तीन.

"बेरीज सतरा आली पाह्यजे," तो म्हणतो. "कोणतीबी जोडी घ्या. सतरा."

मी सगळ्या जोड्या मोजून पाहतो. आठही वेळा सतरा.

दुपारी ४:००

गिऱ्हाईक तुटलं. समोरून चहा येतो. मी त्याला विचारतो, तुला मुस्तफा माहीत आहे का?

त्याला माहीत नाही. तो जन्मला तोवर आमची व्हिडिओ गेमची पार्लरं मोडकळीला आली होती. मी मात्र तिथंच वाढलो. बसस्टँडजवळच्या गाळ्यात चार मशिनी. रुपयाचं नाणं टाकायचं, दांडा आणि बटणं. पिवळ्या टोपीचा मुस्तफा पळत येऊन लाथ मारायचा. आम्ही सगळे त्या खेळाला मुस्तफाच म्हणायचो. त्याचं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसोर्स', जपानच्या कॅपकॉमनं १९९३ मध्ये काढलेला. हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आणि त्याहून मोठी गोष्ट त्यानंतर कळली. हा खेळ एका कॉमिकवरून केला होता.

मार्क शुल्ट्झ नावाचा अमेरिकन चित्रकार. त्याच्या 'झेनोझोइक टेल्स'चा पहिला अंक १९८७ मध्ये आला. जग बुडून शेकडो वर्षं झालीत, डायनॉसोर परत आलेत, आणि एक मेकॅनिक जुन्या कॅडिलॅक गाड्या दुरुस्त करून डायनॉसोरांच्या विष्ठेवर चालवतो. त्यातलाच तो मुस्तफा. मी मोबाइलवर त्या अंकाची पानं दाखवतो.

तो गोष्ट ऐकत नाही. पान मोठं करून पाहतो.

"रंग नाई याच्यात."

नाही. काळी शाई फक्त.

"हे पाहा, सावली रेघांचीच केली त्यानं. ही पाहा. ब्रशानं केली हो, पेनानं नाई." अंगठ्यानं तो पान सरकवत राहतो. चहावर साय धरते. एक बाई ओळखपत्राची झेरॉक्स मागायला येऊन उभी आहे, ते मला सांगावं लागतं.

परत आल्यावर तो उलटं विचारतो. गेमवरून कॉमिक पहिल्यांदा कोणी केलं? पहिलं कोणतं, यावर वाद होईल. मला माहीत असलेलं जुनं सांगतो. १९८२ मध्ये अमेरिकेत अटारीनं डीसी कॉमिक्सकडून छोटी पुस्तकं करून घेतली आणि गेमच्या कॅसेटसोबत डब्यात घालून विकली. तळहाताएवढी, कारण डब्यात बसायला हवीत. तेव्हाच्या पडद्यावर नायक म्हणजे चारदोन चौकोन. तो माणूस आहे, त्याला चेहरा आहे, तो कशासाठी लढतोय, हे पुस्तक सांगायचं. 'स्वोर्डक्वेस्ट' नावाच्या मालिकेत तर कॉमिकच्या चित्रांत शब्द लपवलेले होते. गेम खेळून कुठलं पान, कुठली चौकट ते शोधायचं आणि तिथला शब्द कळवायचा. बक्षिसं सोन्याची. चार गेम ठरले होते, तीनच आले.

"शब्द लपवला?" तो उठतो. चिकटवलेलं सातवं पान काढतो. पानमळ्याचं चित्र. बारीक ब्रश घरी आहे, म्हणून पेनानं वेलाच्या पानांत तो काहीतरी गिरवतो. जवळ जाऊनही मला आधी दिसत नाही. मग एका पानाच्या शिरांमध्ये 'दि' दिसतो, दुसऱ्यात 'वा'.

संध्याकाळी ६:२०

ट्यूशन सुटलं. पाठीवर दप्तर घेतलेली पोट्टी दुकानासमोर थांबतात. दोघांच्या हातात मोबाइल, फ्री फायर मॅक्स चालू. साधं फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारनं बंद केलं, मॅक्स राहिलं. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये पबजी गेलं होतं. पोरांना या तारखा पाठ आहेत.

"दादा, चौथा आला का?"

"आज रात्री. उद्या स्टँडवरच्या स्टॉलवर भेटंन."

"तिसऱ्यात ते शकुंतलेखाली आली होती. मेली ना?"

तिसरा अंक शकुंतला गाडीवर होता. अचलपूर ते मूर्तिजापूरची नॅरोगेज, अंजनगाव मधलं स्टेशन. आता बंद आहे. या पोरांनी रूळ पाहिलेत, चालती गाडी पाहिली नाही. त्यानं गाडी काढायच्या आधी मायला, शेजारच्या आजीला, स्टेशनाजवळच्या चहावाल्याला विचारून विचारून डबे काढले होते.

"एक जीव गेला. तीन होते. किती राह्यले?"

"दोन."

"मंग?"

विचारणारा पोट्टा समाधानी नाही. "गेममदी आपन परत खेळतो. पुस्तकात ते एकटीच खेळते. आपन नुसतं पाह्यतो."

या प्रश्नानं त्याला तीन महिने छळलंय. चौथ्या अंकाच्या आठव्या पानावर त्यानं उत्तर शोधलंय. पिंपरीवाली गडाच्या तटाखाली उभी आहे. दरवाज्यातून जायचं असेल तर पान नऊ. तट चढायचा असेल तर पान बारा. बाराव्या पानावर दगड निसटतो, एक जीव जातो, आणि परत आठवर यावं लागतं. ती चौकट तो अजून पोरांना दाखवत नाही.

रात्री ८:१५

दुकानाचे मालक गल्ला मोजून निघतात. "भाऊ, हजार बाजू निंघतीन," तो सांगतो. भाऊ मशिनीवरचा आकडा पाहतात, चिठ्ठीवर लिहून घेतात. त्याला बाजूला चाळीस पैसे लावतात. कागद त्याचा. शटर अर्ध्यावर येतं.

आतले चार कागद, दोन्ही बाजू: आठ. मुखपृष्ठाच्या दोन. एका प्रतीला दहा बाजू, शंभर प्रतींना हजार. चारशे रुपये इथंच झाले. साधा कागद चारशे ताव, दोनशे रुपये. मुखपृष्ठाला पिवळं जाड कार्ड, दोन रुपयाला एक, म्हणजे आणखी दोनशे. बहिणीचे शंभर. पिनांची डबी घरात आहे.

मशीन कुरकुरत चालतं. कागद गरम निघतो, शंभराचा गठ्ठा पोटाशी धरला की थंडीत बरं वाटतं. पहिल्या बाजू निघाल्या. गठ्ठा उलटा करून ट्रेमध्ये घातला. दुसरी बाजू सुरू. मी बाहेर मोजतोय, तो आत बटणावर. तीस कागद बाहेर आल्यावर मी एक उचलतो. पान सोळा सरळ, पाठीमागचं पान पंधरा डोक्यावर उभं.

तो मशीन थांबवतो. काही बोलत नाही. तीस कागद बाजूला ठेवतो. मग वहीत लिहितो: तीस कागद पंधरा रुपये, साठ बाजू चोवीस. एकोणचाळीस रुपये. गठ्ठा घालताना डोकं कुठं ठेवायचं, ते पेन्सिलीच्या बाणानं ट्रेवर खूण करतो. पुन्हा सुरू.

रात्री १०:३०

घरी सतरंजी पसरलीय. पाच ढीग. वरून एक-एक उचल, कडा ठोकून जुळव, मधोमध घडी घाल. घडीवर स्टीलच्या चमच्याचा दांडा फिरव. माय घडी घालते, बहीण चमचा फिरवते. मायची बोटं पिंपरीनं काळी झालीत, म्हणून ती कडेनंच धरते.

पिन मारायला लांब हाताचा स्टेपलर लागतो. तो हजाराच्या वर जातो. याच्याकडं साधा दहा नंबरचा. तो पूर्ण उघडतो, अंकाखाली जुन्या रबरी चपलेचा तळ ठेवतो, घडीवर दाबतो. पिन रबरात रुतते. अंक उचलला की पिनेचे दोन पाय मागं उभे. ते चमच्यानं आत वाकवायचे. एका अंकाला दोन पिना. शंभर अंकांना दोनशे. तीसच्या पुढं अंगठा लाल होतो, तेव्हा तो हात बदलतो.

"काका, गेमवरच्या कॉमिकचे सगळ्यात जास्त अंक कोणाचे?"

जपानात 'सुपर मारिओ-कुन' १९९० पासून चालू आहे, युकिओ सावादा काढतात. अमेरिकेत सॉनिकचं कॉमिक आर्ची कंपनीनं १९९३ ला सुरू केलं आणि २०१७ ला बंद केलं. दोनशे नव्वद अंक.

तो पिन दाबता दाबता हिशोब करतो. "दोन महिन्याले एक. चार झाले. दोनशे शहाऐंशी राह्यले." थांबतो. "चौऱ्याहत्तर वर्षाचा होईन मी."

"अक्षर कोन लिहीन तवा?" बहीण विचारते.

"तूच."

खर्च नऊशे एकोणचाळीस. किंमत वीस रुपये, स्टॉलवाला पाच ठेवतो. शंभर गेले तर हातात पंधराशे. साडेपाचशेच्या वर उरतात. त्यातून ब्रश.

रात्री ११:४०

नव्वदावा अंक घडी घालताना मायचंच लक्ष जातं. "हे काऊन कोरं?"

पान अकरा. पिंपरीवाली दरवाज्यातून आत धावतेय. मागून एक आवाज येतो आणि ती वळून पाहते. आवाजाची शेपूट आहे, फुगा आहे, फुग्यात काही नाही. कोरा कागद चिकटवलेला, अक्षरं असलेला फुगा वहीतच राहिला. बहीण वही उघडते. तिथं तो आहे: 'थांब!'

सगळ्या शंभर प्रतींत कोरा.

कुणी कुणाला बोल लावत नाही. बहीण तीन पेनं काढते. एका जुन्या कागदावर मला 'थांब' लिहायला लावते. एवढंच अक्षर, एवढंच अंतर, उद्गारचिन्ह जाड. दोन वेळा लिहून घेते. मग अंक वाटून घेतो. तिला चौतीस, त्याला तेहतीस, मला तेहतीस. माय लिहून झालेले अंक उघडे ठेवते, शाई वाळेपर्यंत, आणि मग ढिगावर रचते.

अंक उघड, अकरावं पान, फुगा, थांब. पुढचा. बाहेर कुत्रं भुंकतं. तो लिहिताना मधेच तीस वाया गेलेल्या कागदांचा गठ्ठा पाटाखाली सरकवतो. पाचव्या अंकाला कशाला तरी लागतील म्हणतो.

बारा वाजून पाच मिनिटांनी माझे चोवीस झालेत. तो मोबाइल उचलून गजर पाहतो. सव्वाचारचा आहे. मोबाइल उलटा ठेवतो आणि पुढचा अंक उघडतो.